पहिला शब्द

बाटल्यांच्या कारखान्यात त्याला सगळे सेनापती म्हणत आणि त्याला ते मनापासून आवडे. धुलाई विभागात बाटल्या धुणारी मूठभर माणसं, एक कुरकुरणारा पट्टा आणि भिंतीवरचा आजारी पंखा, एवढंच त्याचं सैन्य. तरी कुणी जिन्यावरून ‘सेनापती’ अशी हाक मारली की तो लगेच वळत नसे. आधी जरा मान ताठ करी, मग वळे. लोक हसत, पण त्याची पाठ फिरल्यावर. कितीही झालं तरी तो फोरमन होता आणि रजेचा अर्ज त्याच्या टेबलावरूनच पुढे जात असे.

हे नाव पडलं नाटकावरून. कारखान्याच्या वार्षिक संमेलनात दर वर्षी एकच नाटक होई. ते एका टाइमकीपरनं लिहिलेलं होतं. तो कधीच निवृत्त होऊन निघून गेला, पण पडदे त्याच नाटकाचे रंगवलेले होते, पोशाख त्याच नाटकाचे शिवलेले होते, आणि नवं नाटक बसवायचं म्हणजे नसता डोक्याला ताप. गोष्ट अशी की एका शहराला एक शूर सेनापती असतो. तो जन्मतो तेव्हाच एक ज्योतिषी सांगून ठेवतो की हे पोर एक दिवस शहराचा दरवाजा शत्रूला उघडून देईल. बिचारा जन्मभर त्या भाकितापासून पळतो, लढाया जिंकतो, गोरगरिबांचे आशीर्वाद घेतो. शेवटच्या अंकात राजा त्याला भर दरबारात टाकून बोलतो आणि हा तडक जाऊन, मी कोण करणारा, हे सगळं दैव करवतंय, असं छाती पिटून सांगून दरवाजा उघडतोच. शहर जळतं. पडदा पडतो आणि बायका डोळे पुसतात.

आमच्या सेनापतीचा सगळा जीव त्या शेवटच्या भाषणात. ‘हा हात माझा नाही!’ इथं ते सुरू होई आणि ‘दैवा, तूच उघड!’ इथं संपे. त्या ‘उघड’ शब्दावर दरवाजामागं लपलेला सुतार दोरी ओढी आणि प्लायवुडचा दरवाजा करकरत बाजूला होई. एका वर्षी सुताराला वाटलं भाषण संपलं, म्हणून त्यानं दोरी आधीच ओढली. सेनापती अजून दैवाला बोल लावतोय आणि त्याच्या मागं दरवाजा सताड उघडा, आत दोन्ही हातांनी दोरी धरून, तोंडात विडी घेऊन सुतार उभा. लोकांची हसून हसून मुरकुंडी वळली. नाटक संपल्यावर सेनापतीनं सगळ्यांसमोर त्या म्हाताऱ्याची खरडपट्टी काढली. आभाळ कोसळलं तरी चालेल, पण माझ्या तोंडून शब्द आल्याशिवाय दार हलता कामा नये, असं त्याला बजावलं. सुतार शब्दाला जागणारा माणूस होता. त्यानं मान डोलावली ती कायमची.

ज्या भाषणावर एवढा जीव, ते पाठ असावं की नाही? नव्हतं. एकही वाक्य पाठ नव्हतं. प्रत्येक वाक्याचा पहिला शब्द कुणीतरी हातात ठेवावा लागे, मग पुढची गाडी आपोआप चाले. हे काम त्याच्या बायकोचं. लग्न होऊन आली त्या वर्षीपासून ती विंगेतल्या स्टुलावर नाटकाचं बाड मांडीवर घेऊन बसे. ती ‘हा’ असं हळूच पुटपुटे आणि हा डरकाळी फोडे, ‘हा हात माझा नाही!’ घरी तालीम व्हायची ती जेवताना. हा जेवणार आणि ती राजा होणार, ज्योतिषी होणार, शत्रूचा दूत होणार. हा चुकला की ती त्याच सुरात म्हणे, ‘चुकलं. परत.’ याचं ताट रिकामं होईपर्यंत तिचं गार झालेलं असे. टाळ्या अर्थातच त्याच्या. मोठ्या नटांना पाठांतर लागत नाही, शब्द वरून येतात, असं तो सगळ्यांना सांगे.

‘वरून नाही, विंगेतून,’ असं एकदा त्याचा मेहुणा म्हणाला.

हा मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. आई लवकर गेल्यामुळं बहिणीनंच त्याला न्हाऊमाखू घालून मोठं केलेलं. तो धुलाई विभागातच पट्ट्यावर होता. कामाला चोख आणि जिभेला हाड नसलेला. एका तालमीनंतर सगळे कॅन्टीनमध्ये चहा पीत बसले होते आणि सेनापती आपल्या भूमिकेचं मर्म समजावून सांगत होता, तेव्हा यानं मध्येच तोंड घातलं.

‘भावोजी, एक विचारू? त्या दरवाजाला कडी आतून आहे ना?’

‘आतूनच असणार. शहराचा दरवाजा आहे तो.’

‘मग उघडायचाच नव्हता. अपमान झाला तर झाला, घरी जाऊन झोपायचं होतं. ज्योतिषी काय हात धरून ओढत नेणार होता?’

सुताराला चहाचा ठसका लागला. सेनापती मात्र चिडला. शोकांतिका कळायला अक्कल लागते, असं त्यानं ऐकवलं. माणूस निमित्तमात्र असतो, सगळं आधीच ठरलेलं असतं, आपण फक्त हातपाय हलवायचे, असं बरंच काही तो बोलला. आणि हे तो काही फक्त नाटकापुरतं बोलत नव्हता. त्याचं सगळं आयुष्यच या एका खुंटीला टांगलेलं होतं. म्हातारी आई आजारी पडली आणि हा भेटायला गेला नाही, कारण योग नव्हता. शेजाऱ्याला दिलेला शब्द फिरवला, कारण वेळच तशी आली. फोरमनची जागा मिळाली तेव्हा मात्र योगबिग कुठं आठवला नाही. ती त्याची स्वतःची कर्तबगारी. दैव बिचारं याच्या घरी मोलकरणीसारखं राबायचं, सगळी खरकटी भांडी त्याच्या वाट्याला.

पट्ट्याच्या टोकाला एक दातेरी चाक होतं आणि त्यावर तारेची जाळी, बोल्टांनी घट्ट बसवलेली. एखादी बाटली फुटून काच चाकात अडकली की पट्टा थांबवायचा, बोल्ट काढायचे, जाळी उतरवायची, काच काढायची, जाळी पुन्हा बसवायची, असा नियम होता. त्यात वेळ जाई. त्या हंगामात मागणी वाढली होती आणि विभागप्रमुख निवृत्त व्हायला आले होते. त्यांच्या खुर्चीकडं सेनापती जाता येता असा बघे, की खुर्चीलाच लाज वाटावी. आपल्या विभागाचं काम सगळ्यांच्या डोळ्यांत भरलं पाहिजे, असं त्यानं मनाशी ठरवलं. एक दिवस त्यानं मेहुण्याला सांगितलं, ती जाळी काढून ठेव, उगाच खोळंबा होतो. मेहुण्यानं पाना घेतला, जाळी काढली आणि भिंतीला टेकवून ठेवली. त्यानंतर रोज पाळी सुरू होताना तो विचारायचा, ‘भावोजी, जाळी बसवू का?’ आणि सेनापती कागदांतून मान वर न करता म्हणायचा, ‘राहू दे.’

हे सगळ्या विभागानं ऐकलेलं होतं.

मग व्हायचं ते झालं. एका सकाळी काच अडकली, मेहुण्यानं हात घातला, हातमोज्याची कड चाकात गेली आणि चाकानं हातच आत ओढला. उजव्या हाताची दोन बोटं गेली. कुणीतरी पट्टा बंद केला, कुणी कापड आणलं, बाटल्या धुणाऱ्या एका म्हातारीनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. आणि सेनापती? तो भिंतीला टेकलेल्या जाळीकडं बघत होता. मेहुण्याकडं त्याचं लक्ष नंतर गेलं. ती जाळी पटकन उचलून जागेवर लावता येईल का, हाच विचार त्याच्या डोक्यात होता. लोक फार जमले, म्हणून ते राहून गेलं.

संध्याकाळी घरी येऊन तो बायकोपुढं रडला. मीच जाळी काढायला लावली, रोज विचारत होता तरी बसवू दिली नाही, असं सगळं भडाभडा ओकला. रडून झाल्यावर त्याला बरं वाटलं. नाक पुसून तो म्हणाला की शेवटी योगच तसा होता, त्याची बोटं जायचीच होती, आपण काय करणार. बायको दिवसभर दवाखान्यात भावाजवळ बसून आली होती. ती उठून आत गेली.

मुख्य कचेरीतून चौकशीला साहेब येणार असं ठरलं. प्रश्न एकच होता आणि तो सगळ्यांना ठाऊक होता. जाळी वरच्या हुकमानं निघाली असेल, तर मेहुण्याचं काम टिकणार, हात बरा होईपर्यंत दवाखान्याचा खर्च कारखान्याकडं, नंतर झेपेल असं हलकं काम. त्यानं आपल्या मनानं काढली असेल, तर तो त्या दिवसापासून घरी. उजव्या हाताची दोन बोटं नसलेल्या पट्ट्यावरच्या माणसाला दुसरीकडं कोण उभं करणार? हुकूम सगळ्यांनी ऐकला असला, तरी ज्याचा शब्द साहेब धरतील असा माणूस एकच होता आणि त्याला एक वाक्य बोलायचं होतं.

वाक्य म्हटलं की सेनापतीला बायको आठवायची. चौकशीला अजून काही दिवस असताना, जेवायला बसल्यावर त्यानं, दुसरा कुणी केला नसता असा प्रकार केला. तिच्याच भावाच्या विरुद्धची साक्ष तिच्याकडूनच तालीम करून घ्यायला बसला. तू साहेब हो आणि मला विचार, असं तो घास चावत म्हणाला. तिनं त्याच्याकडं एकदा पाहिलं आणि बाडातला राजा वाचायची त्याच आवाजात विचारलं, ‘जाळी कुणी काढली?’

‘त्यानं काढली.’

‘चुकलं. परत.’

‘अगं, पाना त्याच्याच हातात होता. खोटं काय त्यात?’

‘चुकलं. परत.’

भाजीत मीठ कमी आहे म्हणून झालं, तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस म्हणून झालं, सगळं विधिलिखित असतं, मी कोण बदलणारा, असंही म्हणून झालं. ती ऐकून घेई आणि पुन्हा विचारी, जाळी कुणी काढली. हे रोज चाललं. अखेर एका संध्याकाळी तो कंटाळला. त्याला पश्चात्ताप वगैरे झाला नव्हता, नुसता कंटाळा आला होता. तो म्हणाला, ‘बरं बाई, जाळी मी काढायला लावली. झालं?’ तिनं ते त्याच्याकडून पुन्हा वदवून घेतलं. मग पुन्हा. पहिला शब्द तिनं द्यायचा, ‘जाळी मी’, आणि पुढचं त्यानं म्हणायचं. तो म्हणे, आणि त्या वेळी त्याला स्वतःचा अभिमानही वाटे. आपण किती मोठ्या मनाचे आहोत, हे त्यानं तिला बोलूनही दाखवलं. तिनं दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाऊन भावाला सांगितलं की काळजी करू नकोस, हे खरं बोलणार आहेत.

चौकशी कारखान्याच्या वरच्या मजल्यावर होती. बाहेरच्या बोळात मॅनेजर भेटले. त्यांनी याच्या खांद्यावर हात ठेवला आणि विभागप्रमुखांची खुर्ची आता रिकामी होतेय, विभागाला जबाबदार माणूस हवाय, एवढंच म्हटलं. एवढंच. कुणी याच्या गळ्यावर सुरी ठेवली नाही, कुणी धमकी दिली नाही, कुणी अमुक बोल तमुक बोल असं सुचवलंही नाही. कदाचित मॅनेजरांच्या मनात काही नव्हतंही. पण सेनापती आत शिरला तो चांगला तरंगत.

खोलीत लांब टेबल, टेबलाच्या त्या टोकाला साहेब, एका बाजूला मेहुणा. त्याचा हात कापडात गुंडाळून गळ्यात अडकवलेला. त्याला पाण्याचा पेलासुद्धा नीट धरता येत नसल्यानं बहिणीला शेजारी बसू दिलं होतं. विभागातली माणसं भिंतीला लागून उभी होती. आम्ही पट्ट्याकडंच बघत होतो, आम्हाला काही ऐकू आलं नाही, असं एकेकाचं सांगून झालं होतं. रोज ‘राहू दे’ ऐकणारे सगळे कान त्या दिवशी एकदम बहिरे झाले होते. धुणाऱ्या म्हातारीनं मात्र माझ्या कानांनी ऐकलं असं सांगितलं, पण तुम्ही पट्ट्यापासून किती लांब असता, पाण्याचा आवाज असतो का, असं विचारून साहेबांनी तिला गप्प बसवलं.

‘जाळी कुणी काढली?’ साहेबांनी सेनापतीला विचारलं.

आणि सेनापती जन्माच्या सवयीनं वागला. त्यानं मान वळवून बायकोकडं पाहिलं. शब्द हवा असला की तो विंगेकडं पाही, अगदी तसंच. ती जागेवरच जरा पुढं झुकली आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल इतक्या स्पष्ट आवाजात म्हणाली, ‘जाळी मी.’

मेहुणा भावोजींच्या तोंडाकडं बघत होता. पुढचं वाक्य सेनापतीला येत होतं, आयुष्यात हेच एक वाक्य त्याला धड पाठ होतं. पहिला शब्द हातात होता. फक्त तोंड उघडायचं होतं.

‘जाळी त्यानं काढली,’ सेनापती म्हणाला. ‘मला न विचारता.’

न अडखळता म्हणाला. आवाज कमावलेला, उच्चार स्वच्छ. लग्न झाल्यापासून बायकोनं दिलेला शब्द बाजूला सारून त्यानं स्वतःचं वाक्य बोलण्याची ती पहिलीच वेळ. बायको उठून उभी राहिली आणि यांनी मला घरी काय सांगितलं ते विचारा, असं साहेबांना म्हणाली. घरातली भांडणं घरी मिटवा, असं साहेबांनी तिला सांगितलं. खोटं बोलणाऱ्याकडं माणूस रागानं बघतो, मेहुणा मात्र नुसता बघत राहिला, आणि त्या बघण्यापुढं सेनापतीला खिडकीबाहेरची टाकी फार महत्त्वाची वाटू लागली.

मेहुण्याचं काम गेलं. सेनापतीला खुर्ची मिळाली. घरी त्यानं बायकोला समजावलं की माझ्या मनात नव्हतं, तोंडातून ते शब्द कसे निघाले माझं मलाच कळलं नाही, कुणीतरी बोलवून घेतल्यासारखं झालं. ती कपडे घडी करत होती, करत राहिली. तिनं आदळआपट केली नाही, अबोला धरला नाही, जेवण वेळेवर वाढलं. पुढं संमेलनाच्या तालमी सुरू झाल्या तेव्हा तिनं बाडही काढलं. याचं ताट वाढून ती राजा झाली, ज्योतिषी झाली, शत्रूचा दूत झाली. प्रत्येक वाक्याचा पहिला शब्द तिनं नेमानं दिला. बाईचा राग ओसरला, असं सेनापतीनं सुतारापाशी बोलून दाखवलं. सुतारानं रंधा थांबवला नाही.

संमेलनाच्या दिवशी सभागृह भरलं होतं. पुढच्या रांगेत मॅनेजर आणि त्यांची मंडळी. मागच्या बाकांवर धुलाईची माणसं, आणि त्यांच्यात मेहुणा. तो आता कारखान्याचा नव्हता, पण तो आत आला तेव्हा दारावरच्या माणसानं त्याला अडवलं नाही आणि बाकावरची माणसं न सांगता सरकली. हात आता कापडात नव्हता. तो त्यानं मांडीवर उघडाच ठेवला होता.

दोन अंक झकास झाले. बायको विंगेत स्टुलावर होती आणि शब्द वेळच्या वेळी येत होते. सेनापती अगदी रंगात आला होता. नवी खुर्ची अंगात मुरलेली, त्यामुळं राजासमोरसुद्धा तो असा उभा राही, की राजाच त्याच्या हाताखालचा वाटावा. तिसरा अंक आला. दरबारात अपमान झाला. सेनापती पाय आपटत दरवाजापाशी आला. दरवाजाच्या पलीकडं पत्र्याच्या ढाली घेऊन शत्रूचं सैन्य उभं होतं, म्हणजे माल चढवणारे चार हमाल. दरवाजामागं सुतार दोरी धरून तयार होता. सेनापतीनं उजवा हात वर उचलला. या भाषणाआधी तो असाच हात उचले आणि मग ‘हा’ येई.

‘हा’ आला नाही.

त्यानं विंगेकडं पाहिलं. ती होती तिथंच होती. बाड मांडीवर उघडं, बोट ओळीवर, डोळे त्याच्याकडं आणि तोंड मिटलेलं. त्याला वाटलं तिला ओळ सापडत नसेल. तो भूमिकेत असल्यासारखा दोन पावलं विंगेकडं सरकला आणि ओठ न हलवता म्हणाला, ‘अगं, शब्द.’ तिनं ओळीवरचं बोट काढलं आणि बाड मिटलं.

हात अजून वरच होता. सगळं सभागृह त्या धडधाकट, पाच बोटांच्या हाताकडं बघत होतं. मागच्या बाकांवरची माणसं आधी त्या हाताकडं बघत, मग मेहुण्याच्या मांडीवरच्या हाताकडं. त्याला भाषण आठवेना. आठवलं असतं तरी ‘हा हात माझा नाही’ हे वाक्य त्या माणसांसमोर म्हणायला जी छाती लागते ती त्याच्याकडं नव्हती. चौकशीच्या खोलीत माणसं खाली बघत होती, इथं सगळी वर बघत होती. मॅनेजर खाकरले. पलीकडचा एक हमाल ढाल खाली ठेवून पाठ खाजवू लागला.

‘ओढ ना,’ सेनापती दरवाजाकडं तोंड करून कुजबुजला.

दरवाजामागून सुताराचा आवाज आला, चांगला खणखणीत. ‘शब्द आला नाही.’

कुणीतरी फिसकन हसलं. मग धुणाऱ्या म्हातारीनं बसल्या जागेवरून शांतपणे सुचवलं की मग नकाच उघडू, कडी आतून आहे, घरी जा. आता हसू नाही आलं कुणाला. दरवाजाची कडी सेनापतीच्या अगदी नाकासमोर होती. सुतारानं हौसेनं खरी लोखंडी कडी बसवली होती. ती स्वतःच्या हातानं सरकवली असती तरी नाटक पुढं गेलं असतं. पण दुसऱ्या कुणाच्या नावावर टाकल्याशिवाय ती सरकवायची कशी, हेच त्याला ठाऊक नव्हतं. तो हात वर करून उभा राहिला. बराच वेळ उभा राहिला. शेवटी कुणालातरी कीव आली आणि पडदा ओढला गेला.

इतक्या वर्षांत शहर पहिल्यांदाच वाचलं होतं. टाळ्या मात्र कुणी वाजवल्या नाहीत.

पडदा पडल्याबरोबर सेनापती तरातरा विंगेत गेला. मिशी एका बाजूनं सुटली होती. सगळ्या कारखान्यासमोर माझी अब्रू घालवलीस, असं तो दबक्या आवाजात ओरडला. पहिला शब्द का दिला नाहीस, एवढंच मला सांग.

‘त्या दिवशी दिला होता,’ ती म्हणाली. ‘तेव्हा तुमचं तुम्हाला येत होतं की.’

तिनं बाड त्याच्या हातात दिलं, स्टुलाखालची पिशवी उचलली आणि बाजूच्या पायऱ्या उतरून खाली गेली. बाकावर भाऊ थांबला होता. पिशवी तिनं त्याच्या डाव्या हातात दिली आणि दोघं माणसांमधून वाट काढत बाहेर पडले. पिशवी नाटकाला यायला लागते त्यापेक्षा बरीच मोठी होती, हे सेनापतीच्या आत्ता लक्षात आलं. हे असंच व्हायचं होतं, असं म्हणायला त्यानं तोंड उघडलं, पण ऐकायला विंगेत कुणी नव्हतं.

हमाल ढाली टाकून चहाला गेले. दिवे एकेक करून बंद होऊ लागले. बंद दरवाजामागून सुतारानं हाक मारली. ‘सेनापती, दोरी धरून हात अवघडले माझे. सोडू का?’

सेनापतीनं सवयीनं विंगेकडं पाहिलं. स्टूल रिकामं होतं.

‘सोडू की नको?’ सुतार म्हणाला. ‘काहीतरी बोला.’